अप्रामाणिकपणाची इंग्रजी परिभाषा आणि मराठी विधिभाषा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मे 2025 मध्ये पुणे शहरातील खराडी येथे एका कॉल सेंटरवर पोलिसांनी छापा घातला. अमेरिकेतील नागरिकांना दूरध्वनीवरून अटकेची भीती दाखवून लुबाडल्याचा आरोप ते चालविणाऱ्यांवर ठेवण्यात आला. अशा प्रकारांना मराठी वृत्तपत्रे फसवणूक, गंडा, फ्रॉड, स्कॅम यांपैकी कोणतेही नाव देतात. लोकव्यवहारात हे शब्द परस्परांच्या जागी चालतात. न्यायालयात मात्र प्रत्येक शब्दाची व्याप्ती निराळी असते. ही परिभाषा इंग्रजीतून कशी घडली आणि मराठीत कशी रुजली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शब्दांची देवाणघेवाण

इंग्रजीतील ‘डिसीट’ हा शब्द ‘पकडणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. मराठीतील ‘फसणे’ म्हणजेही अडकणे. म्हणजे दोन्ही भाषांनी कपटाची कल्पना सापळ्याच्या रूपात केली. ‘चीट’ या शब्दाचा इतिहास वेगळा आहे. बेवारस जमीन सरंजामदाराकडे परत जाण्याच्या ‘एस्चीट’ या पद्धतीतून तो निघाला. ती वसुली करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या गैरव्यवहारांमुळे त्यास लबाडीचा अर्थ चिकटला.

‘ठग’ हा शब्द याच्या उलट दिशेने गेला. विल्यम स्लीमन यांनी 1836 मध्ये ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेस पात्र गुन्हा ठरविणारा कायदा झाला. 1839 मध्ये फिलिप मेडोज टेलर यांच्या कादंबरीने हा शब्द इंग्लंडमधील वाचकांपर्यंत नेला. पुढे इंग्रजीत त्याचा अर्थ ‘हिंसक गुंड’ असा झाला. गोड बोलून विश्वास संपादन करण्याचा मूळ अर्थ मागे पडला. मराठीतील ‘ठक’ मात्र लबाडच राहिला.

या काळातच दोन्ही भाषांतील शब्दांची पद्धतशीर जुळणी सुरू झाली होती. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये, तर थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये प्रसिद्ध झाला. कोशात एका शब्दापुढे अनेक प्रतिशब्द देता येतात. कायद्यास ही मोकळीक नसते.

दंड संहितेतील भेद

मेकॉले यांच्या आयोगाने 1837 मध्ये सिद्ध केलेल्या मसुद्यावर आधारित भारतीय दंड संहिता 1860 मध्ये संमत झाली आणि 1 जानेवारी 1862 पासून अमलात आली. कलम 24 अन्वये ‘अप्रामाणिकपणा’ म्हणजे केवळ खोटेपणा नव्हे. एकास गैरलाभ किंवा दुसऱ्यास गैरहानी पोहोचविण्याचा उद्देश त्यास आवश्यक ठरला. म्हणजे हा शब्द मालमत्तेशी बांधला गेला. कलम 25 मधील ‘कपट’ याहून व्यापक आहे. त्यातील हानी आर्थिकच असावी लागते असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डॉ. विमला विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात स्पष्ट केले.

‘चीटिंग’ या संज्ञेसाठी संहितेच्या मराठी पाठाने ‘ठकवणूक’ हा शब्द स्वीकारला. इंग्रजीत जाऊन हिंसेचा वाचक बनलेल्या शब्दाचे सख्खे भावंड मराठीत कपटाच्या अर्थानेच कायद्यात आले. ‘पर्सोनेशन’साठी योजलेला ‘तोतयेगिरी’ हा शब्द तर पुण्याच्या इतिहासाशी निगडित आहे. पानिपतावर 1761 मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव धारण करणाऱ्या तोतयास 1776 मध्ये देहदंड देण्यात आला. ती आठवण ज्या शब्दाभोवती राहिली, तोच आज दूरध्वनीवरून अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्यास लागू होतो.

सर्वाधिक गोंधळ ‘विश्वासघात’ या शब्दाने होतो. बोलण्यात तो कोणत्याही फसवणुकीस लावला जातो. कायद्यात मात्र ठकवणुकीचा हेतू आरंभापासून असावा लागतो. फौजदारीपात्र न्यासभंगात मालमत्ता प्रथम रीतसर सोपविलेली असते आणि अपहार नंतर घडतो. एकाच वस्तुस्थितीवर हे दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली रेस क्लब प्रकरणात 2024 मध्ये बजावले. तक्रारदाराने सैलपणे वापरलेला शब्द तसाच कलमात उतरला, तर खटल्याचा पायाच डळमळीत होतो.

समारोप

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. ठकवणूक कलम 318 मध्ये, तर तोतयेगिरी कलम 319 मध्ये गेली. व्याख्यांचा गाभा मात्र 1860 चाच राहिला. ‘चारसोबीस’ हा शब्द लोकांच्या तोंडी राहिला असला, तरी त्यामागचे कलम आता इतिहासजमा झाले आहे. यावरून असे दिसते की, कपटाची साधने बदलतात, कलमांचे क्रमांकही बदलतात. परंतु हेतू कोणता आणि तो केव्हा निर्माण झाला, हे दोन प्रश्न कायम राहतात. त्यांची उत्तरे नेमक्या शब्दांत मांडण्याची क्षमता मराठी विधिभाषेत आहे. ती क्षमता पोलीस ठाण्यातील फिर्यादीपर्यंत पोहोचणे, ही फसवल्या गेलेल्या माणसाला न्याय मिळण्याची पहिली अट होय.