शेवट आवडला नाही!

आमच्या कोल्हापुरात घरात लग्न ठरलं की पहिली वारी गांधीनगरची. होलसेल कापडाची दुकानं, आहेराच्या साड्यांचे गठ्ठे, शर्टपीस-पँटपीस... आत्याच्या मागे पिशव्या सांभाळत मी तिथे भरपूर हिंडलोय. पण त्या जागेची गोष्ट मला कळली ती नोकरीला पुण्यात आल्यावर. परवा लंचला तीच गोष्ट टीममेटला सांगत होतो. शेवटापर्यंत अगदी रंगून ऐकली पठ्ठ्याने. आणि मग डब्याचं झाकण लावत म्हणाला, "हॅ! हा काय शेवट? मजा नाही आली राव."

आधी गोष्ट सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

सप्टेंबर १९३९. १ तारखेला पश्चिमेकडून हिटलर पोलंडमध्ये घुसला आणि १७ तारखेला पूर्वेकडून स्टॅलिन. पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यात गेला. मग फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या लाखो लोकांना गुरांच्या वाघिणींत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानला पाठवलं. मध्यरात्री दारावर थाप, सामान बांधायला जेमतेम वेळ, की चला. थंडी, उपासमार आणि लाकूडतोडीची सक्ती. किती मेले याचा हिशोब आजही नीट लागत नाही.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला. आता स्टॅलिनला दोस्त हवे होते. म्हणून ३० जुलैला त्याने लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारशी करार केला आणि या लोकांना 'माफी' दिली. (गुन्हा कोणता, ते विचारायचं नाही!) जनरल आंदर्सने त्यांच्यातूनच फौज उभारली. १९४२ मध्ये फौज आणि तिच्यामागून बायका-मुलं, मिळून लाखाच्या वर माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचली. पुढे फौज लढायला गेली. बायका-मुलांना कोण कोण ठेवून घेणार? पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड असे हे लोक पांगले. काही मुलं जामनगरजवळ बालाचडीला आली, तिथे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी त्यांना आसरा दिला. आणि १९४३ पासून सुमारे पाच हजार जण आले कुठे? आमच्या कोल्हापूरजवळ, वळिवड्याला!

पंचगंगेच्या काठी कौलारू बराकींचं एक पोलिश गावच वसलं. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउट सगळं. बहुतेक बायका आणि मुलंच. पुरुष एकतर लढाईवर, नाहीतर सैबेरियातच राहिलेले.

इथपर्यंत टीममेट खूश होता. "मग? युद्ध संपलं, घरी गेले?"

नाही गेले.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टॅलिन बसले आणि पोलंडची पूर्व सीमा नव्याने आखली गेली. ल्वूव, विल्नो ही शहरं आणि आजूबाजूची खेडी सोव्हिएत संघात गेली. यातल्या बहुतेकांची घरं नेमकी तिथलीच. जुलैमध्ये इंग्लंड-अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. उरलेल्या पोलंडमध्ये आता मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार. ज्याने सैबेरियाला धाडलं, त्याच्याच छायेत परत जायचं? थोडे जण गेले. बाकीचे १९४८ पर्यंत इंग्लंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे जिथे जागा मिळेल तिथे गेले. कॅम्प बंद. संपली गोष्ट.

"म्हणजे एवढं सोसून शेवटी घर नाहीच?" यावर त्याचा राग होता. खरं सांगू, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही फसवल्यासारखं वाटलं होतं. आपल्याला लहानपणापासून सवय एकच. वनवास संपला की अयोध्या. इथे वनवास संपला, पण अयोध्याच दुसऱ्याच्या राज्यात गेलेली! आमच्या भाषेत बोलायचं तर एक्स्पेक्टेड रिझल्ट वेगळा, अॅक्चुअल रिझल्ट वेगळा. आणि बग रिपोर्ट टाकायला कुठे जागाच नाही.

पण नंतर विचार केला, आपली निराशा नक्की कशाबद्दल आहे? गोष्टीबद्दल की इतिहासाबद्दल? शेवट गोड करायचा तर याल्टा वगळावं लागतं. कोल्हापूरने आसरा दिला, लोक भले होते, सगळे सुखाने राहिले, एवढं सांगून थांबता येतं. बऱ्याचदा तसंच सांगितलंही जातं. आपल्याला छान वाटतं, पण त्या बायकांवर झालेला दुसरा अन्याय गायब होतो. आणि हा दुसरा अन्याय शत्रूने एकट्याने नाही केला, त्यावर दोस्तांच्याही सह्या होत्या.

बरं, वळिवड्याची गोष्ट तिथेही संपत नाही. रिकाम्या झालेल्या त्या जागेत कोण आलं? फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं. त्यांचंही घर जागच्या जागी होतं, फक्त देश बदलला होता. तेच आजचं गांधीनगर. मी आत्याला हे फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, आपण इतकी वर्षं भाव करतोय, त्यांना कधी विचारलंच नाही की तुम्ही कुठले."

टीममेटला हेही सांगितलं. त्याची कॅनडाच्या पीआरची फाइल सध्या चालू आहे, त्यामुळे तो जरा गंभीर झाला असावा. :) मग म्हणाला, "ती पोरं नंतर कुठेच परत गेली नाहीत?"

गेली की. कोल्हापूरला आली. म्हातारपणी, काठी टेकत, बालपणीचं गाव बघायला. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. २०१९ मध्ये वळिवड्यात कार्यक्रम झाला, तेव्हाही त्यांच्यातले काही जण आले होते.

"मग हा शेवट आधी सांगायचा ना!" तो म्हणाला.

मी नाही सांगितला. कारण हा त्या आधीच्या शेवटाची भरपाई नाही. असो. पुढच्या वेळी गांधीनगरला गेलात तर साडी जरूर घ्या, पण दुकानदाराला त्याचं मूळ गाव कुठलं तेही विचारा.