ब्युरेटखाली लॅन्थेनाइड

१९५४ साली लॅन्थेनाइड मूलद्रव्यांच्या रसायनात दोन वाटा निघाल्या. हार्वर्डमध्ये विल्किन्सन आणि बर्मिंगहॅम यांनी पाच कार्बनांची सायक्लोपेंटाडायनिल कडी या धातूंना जोडून दाखवली. त्याच वर्षी आयर्व्हिंग आणि रोसोटी यांनी मिश्र द्रावकातल्या धातुसंयुगांची स्थिरता पीएच मोजून काढण्याची रीत मांडली. नांदेड-लातूरकडे आली ती ही दुसरी वाट.

पहिली वाट महागडी होती. दोन कड्यांमध्ये लोह धरणारं फेरोसीन हवेत खुशाल टिकतं. लॅन्थेनाइडचे एफ-इलेक्ट्रॉन मात्र आत दडलेले. त्यामुळे कडीशी त्याचा बंध बहुतांशी आयनिक असतो आणि दमट हवेचा स्पर्शही तो मोडायला पुरतो. म्हणून कोरडे द्रावक, आरगॉन, ग्लोव्ह बॉक्स. डिस्प्रोसियमच्या अशाच एका सँडविच संयुगानं २०१८ मध्ये ८० केल्व्हिनपर्यंत, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या उत्कलनबिंदूच्याही वर, चुंबकीय स्मृती राखली.

मराठवाड्यात उच्च शिक्षणच उशिरा आलं. निजामाची राजवट संपल्यावर १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं, १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ, १९६१ मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय. नांदेडला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९९४ मध्ये, किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत असताना.

अशा महाविद्यालयांत पीएच मीटर होता, ब्युरेट होती आणि चिकाटी होती. आम्ल एकटं, मग आम्ल व लिगंड (धातूला धरणारा रेणू), मग त्यात धातूचं लवण: अशा तीन द्रावणांत सोडियम हायड्रॉक्साइड थोडंथोडं सोडायचं आणि दर वेळी पीएच टिपायचा. लिगंड म्हणून घेतले जाणारे शिफ बेस पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून इथेनॉल किंवा डायॉक्सेन मिसळायचं. तिन्ही आलेखांमधलं अंतर सांगतं, धातूनं किती लिगंड धरले. या प्रदेशातले कितीतरी पीएच.डी. प्रबंध याच आलेखांवर उभे आहेत, आणि त्यांना दुय्यम मानणं अन्यायाचं आहे. लँथेनमपासून ल्युटेशियमकडे जाताना आयनाची त्रिज्या सुमारे १०३ पिकोमीटरवरून ८६ वर येते, तशी स्थिरता साधारणपणे वाढते. गॅडोलिनियमपाशी हा चढ अनेकदा अडखळतो.

स्थिरतेतला हा फरक उद्योगालाही लागतो. केरळात आलुव्याला इंडियन रेअर अर्थ्सचा कारखाना १९५२ पासून मोनाझाइट वाळूवर काम करू लागला. एकमेकांसारखी ही मूलद्रव्यं वेगळी करताना आम्लधर्मी सेंद्रिय निष्कर्षक जड लॅन्थेनाइड अधिक घट्ट धरतात, आणि म्हणून तेच आधी सेंद्रिय थरात उतरतात.