दिवसाचे पाणी

आमच्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, देवाने पाऊस हात आखडून दिला. ऊन मात्र ओंजळी भरभरून. त्या उन्हाचे कौतुक पारनेर तालुक्यात कुणालाच नसे. माझ्या लहानपणी घराला धास्ती होती ती रात्रीची. विहिरीवरच्या मोटारीला वीज पाळीने येई. पाळी रात्रीची असली की वडील कंदील आणि काठी घेऊन कांद्याची दारे धरायला निघत. पायाखाली काय येईल याचा नेम नसे. ते परतेपर्यंत आई जागी असे. दिवसभर ज्या शिवारात ऊन रखरखते, तिथे पाणी मात्र काळोखात द्यायचे, यात काही वावगे आहे असे तेव्हा कुणाला वाटत नव्हते.

पुढे वाचनात एक मौजेची हकीकत आली. 1878 च्या सुमारास विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत कुलाब्याला पुष्कळसे सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले, त्यांचे ऊन बाष्पपात्रावर एकवटले आणि अडीच अश्वशक्तीचे वाफेचे एंजिन चालवून दाखवले. उष्ण देशांनी जळणाऐवजी ऊन वापरावे, असा आग्रह धरणारे पुस्तकही त्याने लिहिले. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात मूशो या फ्रेंच शिक्षकाने उन्हावर चालणाऱ्या यंत्राने बर्फ करून दाखवला! लोक थक्क झाले आणि घरी गेले. युक्ती होती, तिला ना गिऱ्हाईक होते, ना राजाश्रय.

तो आश्रय यायला शंभर वर्षे लागली. 1985 साली राज्याने ‘महाऊर्जा’ स्थापन केली. 2009 साली आमच्याच जिल्ह्यात शिर्डीच्या प्रसादालयावर 73 आरशांच्या तबकड्या बसल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचा भात शिजू लागला. त्याला केंद्र सरकारचे अनुदान होते. 2010 साली राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली. कारखानदारांचे म्हणणे सरळ होते: वीज वर्षानुवर्षे घेण्याची हमी द्या, भांडवल आम्ही घालतो. असा करार हाती असला की कर्ज मिळते, आणि कर्ज मिळाले की शेतात पत्रे उभे राहतात.

या हमीचा शेतकऱ्याशी सांधा जुळला तो 2017 साली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पहिला प्रयोग यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीबरोबर आमच्या पारनेरच्या राळेगणसिद्धीलाही करायचे ठरले. विचार साधा होता. शेतीची वाहिनी वेगळी काढायची, उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि ऊन असेल तेव्हाच पंपाला वीज द्यायची. पुढे 2023 साली योजनेचे दुसरे पर्व आले. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये ठरले.

वाचकहो, सूर्य तोच, ऊनही तेच. ॲडम्सच्या आरशांत जे नव्हते ते एका सरकारी निर्णयात आणि एका करारात होते. म्हणून अशा रुक्ष कागदांना मी हल्ली नावे ठेवीत नाही.

वडिलांचा कंदील अजून आमच्या माजघरात खुंटीला आहे. दिवाळीला तो पुसून ठेवतो. जिथे दिवसाची वीज पोचलेली नाही, तिथे असाच कुणीतरी आज रात्री दारे धरायला निघेल आणि घरात कुणीतरी जागे राहील. त्या घरालाही दिवसाचे पाणी लवकर मिळो.