मूठभर तांदळाची शाळा

काही शब्दांतच एखाद्या संस्थेचा इतिहास साठवलेला असतो. ‘मुष्टिफंड’ हा तसा शब्द. ‘मुष्टि’ संस्कृत, ‘फंड’ इंग्रजी. आणि रुजला तो पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेची स्थापना १९०८ सालची. राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज. मराठी शाळा चालवायची तर ती समाजानेच, अशी स्थिती होती. तेव्हा घरोघरी शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढली जाई आणि त्यातून शाळेच्या खर्चाला हातभार लागे. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांनाही मूठमूठ धान्याचा असाच आधार मिळाला.

या पद्धतीचे मर्म रकमेत नव्हते. धनिकाची देणगी वर्षातून एकदा येते. मूठ रोज निघते, आणि ती काढणारी गृहिणी नकळत शाळेची विश्वस्त होते.

आज सीमाभागात गल्लोगल्ली महाप्रसाद होतात, पंगती उठतात, वर्गणीच्या पावत्या फाटतात. त्यातील शिल्लक गल्लीतल्या मराठी शाळेच्या छपरासाठी वा वाचनालयासाठी राखावी आणि जमाखर्च देवळाच्या फळ्यावर लावावा, एवढेच आम्ही सुचवतो. सर्वोच्च न्यायालयातील २००४ सालचा दावा वकील लढवतील. परंतु मराठी शाळेच्या पटावर मुलेच उरली नाहीत, तर तो लढवायचा कोणासाठी?