बोटांची सवय

गेल्या महिन्यात लेकीने तिचा जुना मॅक मला दिला. "आई, तुझा तो विंडोजचा डबा टाक आता," म्हणाली. सोसायटीचे हिशोब मीच बघते आणि सभा आठ दिवसांवर आलेली. एक्सेल उघडलं, चुकलेला आकडा दुरुस्त करायला सवयीने एफ-२ दाबलं, आणि... स्क्रीनचा उजेड वाढला! पुन्हा दाबलं. आणखी उजेड. आकडा आपला तसाच.

तीस वर्षं आकडेमोडीत घालवलेल्या बाईला एकदम अडाणी वाटावं असा तो प्रसंग. "अगं, कंट्रोल-यू दाब. आणि डॉलरची चिन्हं लावायला एफ-४ ऐवजी कमांड-टी," लेक फोनवर म्हणाली.

मग मी चिडून शोधायला बसले. हे एफ-२ आलं कुठून?

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल-टू वर व्हिसिकॅल्क आणलं. त्या कीबोर्डवर बाण दोनच, डावा आणि उजवा. वर-खाली जायचं तर स्पेसबार दाबून त्यांची दिशा बदलायची! हुकूम सोडायचे ते तिरकी रेघ दाबून. १९८३ मध्ये आयबीएम पीसीवर लोटस १-२-३ आलं. त्यानेही तिरकी रेघ ठेवली आणि पीसीच्या एफ-कळा कामाला लावल्या. दुरुस्तीला एफ-२, डॉलरला एफ-४. एक्सेल मात्र आधी मॅकवरच आलं, १९८५ मध्ये. विंडोजवर १९८७ मध्ये. आणि १९८४ च्या पहिल्या मॅकच्या कीबोर्डवर एफ-कळाच नव्हत्या, बाणसुद्धा नव्हते! म्हणजे मॅकने माझं काही हिरावलं नव्हतं. मी ज्याला एक्सेल समजत होते, ते मुळात लोटस होतं.

या सवयींवरून कोर्टबाजीही झाली बरं का. जुन्या लोकांना पुन्हा शिकायला लागू नये म्हणून बोर्लंड कंपनीने आपल्या क्वाट्रोमध्ये लोटसचा मेन्यू, चारशे एकोणसत्तर हुकूम, जसाच्या तसा दिला. लोटसने दावा लावला. आधी लोटस जिंकलं. १९९५ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, मेन्यू ही वापरण्याची रीत आहे, व्हीसीआरच्या बटणांसारखी. तिच्यावर कॉपीराइट नाही. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मतं चार-चार अशी पडली आणि तोच निकाल कायम राहिला.

हे वाचताना आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क आठवले. लोटसवर त्यांची बोटं न बघता पळायची. एक्सेल आलं आणि ते माउस धरून नुसते बसून राहायचे. आम्ही पोरीपोरं हसायचो. वर्षभरात त्यांनी लेजरची वही परत मागून घेतली.

विंडोजवरच्या एक्सेलमध्ये तिरकी रेघ दाबली की आजही मेन्यू जागा होतो. लोटसवाल्यांसाठी ठेवलेली ती जुनी सोय. तेव्हा हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक असतं तर एका वाक्यात त्यांना सांगता आलं असतं. पण ठाऊक करून घ्यायच्या आधी आम्ही हसून मोकळे झालो होतो.

असो. लेक हसली नाही, तिने कळ सांगितली. हिशोब वेळेत झाले. एफ-२ वर बोट अजून जातंच, आणि उजेड वाढतोच.