लेखनिकाच्या हातून आलेली पत्रे

दिल्ली-जयपूर रस्त्यावरील मानेसर आज कारखान्यांसाठी ओळखले जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळी ते पंजाब प्रांताच्या गुडगाव जिल्ह्यात मोडत असे. त्या मुलखातून अहीर व जाट जसे पलटणीत गेले, तसेच सातारा-रत्नागिरीकडून मराठेही गेले. खंदकात बसून एकाने लिहावे आणि दूर गावी दुसरीने ते एकान्तात उघडावे, ही युद्धकालीन प्रेमपत्राची युरोपीय कल्पना या मुलखांना लावू पाहणारा अभ्यासक प्रारंभीच अडखळतो. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास होते. शिपायांतही लिहिता येणारे थोडेच. पत्र सांगायचे ते लेखनिकाला, गावी वाचायचे ते मास्तराने, आणि तेही चारचौघांत. नवऱ्याचे नाव न घेणारी बायको आणि वडीलधाऱ्यांदेखत तिची चौकशी न करणारा नवरा यांच्या पत्रव्यवहारात ‘प्रेयसी’ धुंडाळणे व्यर्थ होय. जिव्हाळा असेल तर तो म्हशीच्या विचारपुशीत आणि मनिऑर्डर पोचली की नाही या प्रश्नात.

त्यातच तिसरा वाचक आला. १९१४ च्या अखेरीस फ्रान्समधील बुलोन येथे हिंदी टपालाची तपासणी सुरू झाली. कॅप्टन हॉवेल तिचे प्रमुख. १९१५ च्या आरंभी सैनिक आठवड्यास दहा ते वीस हजार पत्रे लिहीत. त्यांतील निवडक उतारे इंग्रजीत उतरवून अहवाल होत. शिपायांनाही हे कळले होते; काळे मिरे म्हणजे हिंदी शिपाई व लाल मिरची म्हणजे गोरे, अशी सांकेतिक भाषा त्यातूनच निघाली. हे अहवाल लंडनला जतन झाले, व डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतील वेचे १९९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मूळ कागद मात्र बहुतांशी हरपले.

ही हानी केवळ इतिहासाची नव्हे. इंग्रजी सर्वनामावरून नवरा ‘तू’ म्हणाला की ‘तुम्ही’, हे कसे ठरवावे? इंग्रजीतली पत्नी मुळात ‘मंडळी’ होती, ‘कारभारीण’ होती, की नुसते ‘घरी सर्वांस’ एवढ्यात सामावलेली होती? मराठीत ती पत्रे आणणाऱ्याने येथे चातुर्य दाखविले, की शिपायाऐवजी भाषांतरकारच बोलू लागतो.

मराठ्यांच्या पलटणी बहुतांशी मेसोपोटेमियाकडे गेल्या; म्हणून फ्रान्सच्या या दप्तरात मराठी आवाज थोडे. त्यांतल्या तीन, १०३, ११० व ११७, कूत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, आणि वाचलेले शिपाई कैदी म्हणून उत्तरेकडे चालत नेले गेले.