कापण्यापूर्वींची कसोटी

परभणीकडील सुतार तिफणीचें लाकूड तासण्यापूर्वीं त्यावर रेघ आंखतो. कारण अधिक तासलेलें लाकूड पुन्हां भरून येत नाहीं. धातु कापणाऱ्या यंत्रांस हीच अडचण नव्या रूपानें भेडसावली. १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेनें भोकें पाडलेल्या कागदी फितीच्या आज्ञेनें चालणारें यंत्र दाखविलें. कारागिराचा हात बाजूस झाला; त्याबरोबर चूक दिसतांच थांबविणारा डोळाही दूर गेला. एक आंकडा चुकला, तर फिरतें हत्यार थेट पकडीवर आदळे व माणसाचा जीवही धोक्यांत येई. म्हणून प्रथम मेण किंवा हलकें प्लॅस्टिक कापून फीत पारखीत. १९८१ मध्यें व्होल्कर व हंट यांनीं संगणकांतच घनाकृति रचून, हत्यार जेथून फिरेल तेवढा भाग तींतून वजा करण्याची रीत मांडली. उरलेला आकार नकाशाशीं जुळला, तर आज्ञावली शुद्ध. आज मराठवाड्यांतील तरुणास या यंत्रांचें शिक्षण छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्यें मिळतें. तथापि पडद्यावरील निर्दोष काप ही पूर्ण हमी नव्हे. हत्याराची लांबी वा पकडीची जागा संगणकास सांगितल्याहून निराळी असेल, तर अपघात टळत नाहीं. गणित संगणक तपासतो. माप मात्र माणसानेंच नीट घ्यावें लागतें.